टाकीचं झाकण कुठाय?

अध्यक्षांनी परिचयात मला 'सांडपाण्याचे अभ्यासक' म्हटलं. आमच्या वाडीत या अभ्यासाला वेगळाच शब्द आहे. जेवणं व्हायचीत म्हणून सांगत नाही. पण नाक मुरडणाऱ्यांनी आठवावं, कणकवलीला गोपुरी आश्रमात कोकणगांधी अप्पासाहेब पटवर्धनांनी संडासाचे आणि मैल्याच्या खताचे प्रयोग केले होते.

आता सांगा, घरच्या सेप्टिक टँकचं झाकण नेमकं कुठे आहे हे कोणाकोणाला ठाऊक आहे? हात वर करा. चार. त्यातले दोन गवंडी.

मलाही ठाऊक नव्हतं. वडिलांनी टाकी बांधली तेव्हा मी शाळेत. देवघराची दिशा चार जणांना विचारून ठरली, टाकी उरल्या जागेत. पुढे खळ्यात फरशी आली. गणपतीत घरी तेवीस माणसं, आणि गौरीच्या आदल्या रात्री संडासात पाणी चढायला लागलं. आई म्हणाली, कलमाखाली. काका म्हणाले, "छे, न्हाणीमागे, चिरे मी वाहिलेत." आत्येने तुळशीकडे बोट दाखवलं आणि सगळे गप्प. गवंडी पहार ठोकत फिरला. कलमाखाली बद्द, न्हाणीमागे बद्द, तुळशीपाशी पोकळ! तुळस हलवायची तर भटजी हवेत, आणि भटजी गणपतीत कोणाला सापडलेत? दोन दिवस पाहुणे शेजाऱ्यांकडे जात होते. शेजाऱ्यांनी ते शिमग्यापर्यंत ऐकवलं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता धावत.

टाकीत तळाला गाळ, वर साय, मध्ये पाणी. शोषखड्ड्यात जायचं ते फक्त मधलं पाणी. 'आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही' असं मिरवू नका. पाण्याने ती सुरुवातीलाच भरते आणि भरलेलीच राहते. वीस वर्षं उपसली नाही म्हणजे मैला थेट शोषखड्ड्यात चाललाय, नाहीतर तळ फुटलाय. आपला जांभा सच्छिद्र. उताराला विहीर कोणाची ते बघा. गाळ दोन-तीन वर्षांनी काढायचा, एक तृतीयांश टाकी गाळाने भरली तर त्याआधीच. वाई आणि सिन्नरला तर पालिकेने तीन वर्षांची पाळीच लावली, तक्रारीची वाट न बघता गाडी दारात. उपसताना थोडा गाळ विरजणासारखा राहू द्या. अॅसिड, फिनेलच्या बाटल्या ओतू नका, कुजवणारे जंतू मरतात. तळणीचं तेल, पॅडही नको.

आणि माणूस आत उतरवू नका. झाकण उघडलं म्हणजे वायू गेला असं नसतं. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला वासच येईनासा होतो. संरक्षक साधनांशिवाय उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हाही आहे.

तुळशीचं काय झालं? भटजी तिसऱ्या दिवशी आले, तुळस चार हात पूर्वेला सरकली. झाकणाला कडी लावली, दाराआड नकाशा चिकटवला. पहिल्याच आठवड्यात भावाने झाकणावर स्कूटर उभी केली.