सगळ्यांना ठाऊक असलेली चोरी

मंडळी, बोस्टनमधल्या कुणालाही 17 ऑक्टोबर 2004 च्या रात्रीबद्दल विचारा, तो बेसबॉलमधल्या रेड सॉक्सच्या डेव्हिड ऑर्टिझच्या होमरनवर (चेंडू थेट मैदानाबाहेर!) सुरू होईल. मी त्या रात्री त्यांच्या मैदानात, फेनवे पार्कात होतो, आणि माझ्या मते सामना ऑर्टिझच्या बराच आधी फिरला. नवव्या इनिंगमध्ये, म्हणजे एरवीच्या शेवटच्या डावात.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत जो चार सामने जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेला जातो. बोस्टनचे रेड सॉक्स न्यूयॉर्कच्या यांकीजकडून पहिले तिन्ही हरले होते, तिसरा तर 19-8 असा. 0-3 वरून मालिका फिरवल्याचं बेसबॉलमध्ये तोवर एकही उदाहरण नव्हतं. शिवाय 1918 नंतर रेड सॉक्सच्या नशिबी वर्ल्ड सिरीजचं विजेतेपद नव्हतं. बेब रूथ हा आपला मोठा खेळाडू यांकीजना विकला त्याचा शाप भोवतोय, हे तिथली चांगली शिकलीसवरलेली माणसं निम्मं थट्टेत सांगायची. उरलेलं निम्मं थट्टेतलं नसायचं.

फेनवे 1912 सालचं मैदान. ग्रँडस्टँडच्या लाकडी खुर्च्या इतक्या अरुंद की शेजाऱ्याचं कोपर तुमच्या बरगडीत. माझ्यासमोर नेमका छताचा खांब! होम प्लेट (फलंदाजाची जागा) बघायची तर वाकायला लागायचं. पहिला आणि दुसरा बेस मात्र स्वच्छ दिसत होता. शेजारचे आजोबा दर चेंडूची नोंद पेन्सिलीने स्कोअरकार्डावर करत होते.

नववी इनिंग. यांकीज 4-3 ने पुढे, आणि पिचिंगला मारियानो रिव्हेरा. आघाडी राखावी तर त्यानेच, अशी त्याची ख्याती. त्याने केविन मिलारला वॉक दिला, म्हणजे चार चेंडू बाहेर टाकून पहिला बेस फुकट दिला, आणि मिलारच्या जागी डेव्ह रॉबर्ट्स धावायला आला. हा गडी जुलैअखेर संघात घेतला होता तोच मुळी पायांच्या वेगासाठी. तो दुसरा बेस चोरणार, म्हणजे चेंडू फटकावला जायची वाट न बघता पळत तिथे पोचणार, हे रिव्हेराला ठाऊक, कॅचर पोसाडाला ठाऊक, आमच्या खांबालासुद्धा ठाऊक. क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकर क्रीज सोडून पुढे सरकतो, तसा हा चार पावलं पुढे. फरक एवढाच की इथे ते रीतसर चालतं.

रिव्हेराने पहिल्या बेसकडे थ्रो केला. पुन्हा केला. तिसऱ्यांदा रॉबर्ट्स जेमतेम परतला. बाद झाला असता तर खेळ जवळजवळ खलास. त्याने पुढे सांगितलंय की त्या तीन थ्रोंनीच त्याची भीती घालवली. मॉरी विल्स या जुन्या बेसचोराने त्याला बजावून ठेवलं होतं, एक दिवस असा येईल की तू चोरणार हे साऱ्या मैदानाला माहीत असेल, तरी चोरावंच लागेल.

रिव्हेराने फलंदाजाला पहिला चेंडू टाकला आणि हा सुटला. पोसाडाचा थ्रो चांगला होता, दुसऱ्या बेसवर जीटरने टॅगही केला (चेंडू अंगाला लावला), पण हात आधी बेसवर. बिल म्युलरने लगेच चेंडू मधून मारला, रॉबर्ट्स घरी, म्हणजे होम प्लेटवर, धाव पूर्ण, 4-4. मी आजोबांच्या कार्डाकडे पाहिलं. पेन्सिल तशीच धरलेली, चौकट कोरी.

बाराव्या इनिंगमधला ऑर्टिझचा होमरन तुम्ही यूट्यूबवर बघा. सामना 6-4 असा संपला तेव्हा रात्रीचा सव्वा वाजून गेला होता. रेड सॉक्सनी पुढचे तिन्ही सामने जिंकले, मग सेंट लुईसला 4-0 हरवून वर्ल्ड सिरीजही.

रॉबर्ट्स पाचव्या सामन्यातही मिलारच्याच जागी धावला आणि बरोबरीची धाव त्यानेच काढली. पण गंमत बघा, या साऱ्या मालिकेत त्याने एकदाही फलंदाजी केली नाही, वर्ल्ड सिरीजमध्ये तर मैदानातच उतरला नाही. डिसेंबरात त्याला सॅन डिएगोला पाठवलं. 2018 मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचा मॅनेजर म्हणून तो वर्ल्ड सिरीजसाठी फेनवेत परत आला, आणि रेड सॉक्सनी त्याला हरवलं.