डक्टच्या नकाशात छताची जाळी

[दृश्य : वडोदरा. काम चालू असलेल्या इमारतीचा तिसरा मजला. भिंतीवर लेझरची लाल रेघ.]

फॉल्स सीलिंगसाठी फरशीपासून २७०० मिलिमीटरवर ही लाल रेघ मारली आहे. तिच्या आधाराने भिंतीभोवती पट्टी ठोकली जाईल. स्लॅबमधून तारा सोडल्या जातील, तारांना लांब टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराच्या पट्ट्या, लटकतील आणि त्यांच्या मधे आडव्या टी अडकतील. असे तयार होतात ६०० बाय ६०० चे चौकोन. हीच छताची जाळी. त्यांत ५९५ मिलिमीटरची टाइल वरून तिरकी घालून अलगद सोडायची. काही चौकोनांत टाइल येत नाही. तिथे दिवा बसतो, किंवा थंड हवा सोडणारा डिफ्यूझर.

कुठल्या चौकोनात डिफ्यूझर, हे परांचीवर उभ्या असलेल्या माणसाला आत्ता, या क्षणी कळायला हवं. त्याच्या हातातल्या एसीच्या ड्रॉइंगमध्ये डक्ट, म्हणजे थंड हवा वाहून नेणारा मार्ग, आहे, डक्टची मापं आहेत, प्रत्येक डिफ्यूझरमधून किती हवा यायची तो आकडासुद्धा आहे. छताची जाळी मात्र नाही. तो खाली उभ्या असलेल्या इंजिनिअर ताईंना विचारतो, "बेन, आमां टाइल क्यां छे?" (ताई, यात टाइल कुठे आहे?)

[दृश्य : रावपुरा. जिना चढून वर, ड्राफ्टिंग ऑफिस. संगणकाचा पडदा.]

ताई रोज दुपारी साइटवरून या ऑफिसात येतात. पडद्यावर रेव्हिट हे इमारतींची ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर उघडलेलं आहे. इमारत यात एकदाच उभी करायची आणि तिच्याकडे हव्या त्या दिशेने बघायचं. नकाशा म्हणजे यातला एक 'व्ह्यू'. अडचण नेमकी या बघण्यात आहे.

फ्लोअर प्लॅन इमारतीला फरशीपासून साधारण १२०० मिलिमीटरवर आडवं कापतो आणि खाली बघतो. दारं, खिडक्या, भिंती, टेबलं, सगळं नीट दिसतं. सीलिंग तर त्या कापाच्या कितीतरी वर आहे. डक्ट दिसावेत म्हणून एसीवाले व्ह्यूची वरची हद्द स्लॅबपर्यंत नेतात. डक्ट येतात, पण सीलिंग येत नाही.

ऑफिसातल्या नव्या मुलाने काप उचलून सीलिंगच्या वर नेऊन पाहिला. बघा काय झालं. दारं नाहीशी झाली, कारण दाराच्या चौकटीवरची सलग भिंत कापली गेली. नकाशात खोल्या आहेत आणि आत जायला वाट नाही.

सीलिंगसाठी रेव्हिटमध्ये वेगळा व्ह्यू असतो, सीलिंग प्लॅन. तो वर बघतो, पण फरशीवर आरसा ठेवून छताचं प्रतिबिंब पाहावं तसा. त्यामुळे डावं डावीकडेच राहतं, पूर्व-पश्चिम उलटत नाही आणि तो फ्लोअर प्लॅनवर जसाच्या तसा ठेवता येतो. पुढचं सगळं काम या एका सोयीवर उभं आहे.

[दृश्य : पडद्याचा क्लोजअप. माऊसवर हात.]

ताई सीलिंग प्लॅनची प्रत काढतात. मग एकेक गोष्ट बंद करत जातात. दिवे, फर्निचर, भिंती, मापं, नावं. शेवटी सीलिंग आणि कॉलमच्या मध्यरेषा, एवढंच उरतं. सीलिंगला हाफटोन दिला की काळ्या रेघा राखाडी होतात. आता ए-१ आकाराच्या शीटवर आधी ही जाळी ठेवायची आणि तिच्यावर एसीचा फ्लोअर प्लॅन. दोन्हींची स्केल एकच, क्रॉपची चौकट एकच. कॉलमच्या 'ए' आणि '१' या रेषा जिथे छेदतात तो बिंदू दोन्ही व्ह्यूंत तंतोतंत एकावर एक आला पाहिजे. खालच्या व्ह्यूचं शीर्षक काढून टाकायचं, नाहीतर शीटवर दोन नावं छापली जातात. एवढं झालं की डक्टच्या ठळक रेघांखाली छताची फिकट जाळी दिसते आणि प्रत्येक डिफ्यूझर आपापल्या चौकोनात.

ही जाळी शीटवरच दिसते, डक्ट आखत असताना दिसत नाही. म्हणून आखण्याच्या व्ह्यूमध्ये ताई अंडरले, म्हणजे खाली फिकट दिसणारा दुसरा नकाशा, चालू करतात. त्याच मजल्याचा अंडरले, दिशा वरची. छापायला त्या शीटवरचीच पद्धत वापरतात, कारण तिथे काय दिसावं आणि काय नाही, हे पूर्ण त्यांच्या हातात राहतं.

[दृश्य : ट्रेसिंग पेपरची गुंडाळी उलगडते. काचेचं टेबल, खालून उजेड.]

ऑफिसात सगळे ज्यांना काका म्हणतात, ते ही पद्धत रेव्हिटच्या आधीपासून जाणतात. रेव्हिट बाजारात आलं २००० साली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतलं. काकांचे हात त्याआधीच ट्रेसिंगवर तयार झाले होते. आर्किटेक्टचं छत एका कागदावर, डक्ट दुसऱ्या कागदावर. दोन्ही काचेवर एकावर एक, कॉलमच्या रेषा जुळवून चिकटपट्टी. त्यांनी जपून ठेवलेल्या या कागदाच्या कोपऱ्यावर टाचणीचं भोक अजून दिसतं आहे.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये याच शहरात कलाभवन सुरू केलं. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले कर्तेधर्ते. कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड मिळावी, हा त्यामागचा विचार होता. आज तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे. वडोदऱ्यावरच्या फिल्ममध्ये लक्ष्मी विलास पॅलेस नेहमी असतो, असायलाच हवा. ड्राफ्ट्समनचं टेबल मात्र कोणी दाखवत नाही. आम्हाला ते दाखवायचं होतं.

[दृश्य : पुन्हा पडदा. सीलिंगची जाळी सरकते.]

आता हा भाग नीट बघा. खोलीची रुंदी ५ मीटर आहे. ६०० च्या आठ टाइल्स बसवल्या तर ४८०० होतात आणि उरतात २०० मिलिमीटर, म्हणजे दोन्ही भिंतींशी शंभर-शंभरची चिंधी. ती कापताना तुटते आणि दिसायलाही वाईट. म्हणून आर्किटेक्ट सातच पूर्ण टाइल्स घेतात. ४२०० झाले, उरले ८००, दोन्हीकडे चारशे-चारशे. काठाची टाइल अर्ध्याहून मोठी राहिली. त्यासाठी जाळी ३०० मिलिमीटर सरकवावी लागते आणि तिच्याबरोबर त्या खोलीतला प्रत्येक दिवा, प्रत्येक डिफ्यूझर ३०० ने सरकतो.

आर्किटेक्टच्या फाइलमध्ये हा बदल दोन क्लिकचा आहे. रेव्हिटमधली सीलिंगची जाळी म्हणजे पृष्ठभागावरचा नुसता पॅटर्न असतो, त्यात टी नावाची वस्तूच नसते. एक रेघ पकडून अलाइन केली की अख्खं छत सरकतं. एसीवाल्याच्या डिफ्यूझरला त्याची खबरही लागत नाही, तो आपल्या जुन्या जागीच. आणि आर्किटेक्टने सीलिंग पुसून नव्याने काढलं, तर त्या सीलिंगला चिकटवलेले डिफ्यूझर निराधार होतात. नकाशात जाळी नसेल तर यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. जाळी असेल तर डिफ्यूझर टीच्या अंगावर बसलेला लगेच दिसतो. ताईंनी इथे बोट ठेवलं आहे, बघा. चार डिफ्यूझर, चारही टीवर.

[दृश्य : साइट. कापलेली टी, वाकलेला फ्लेक्सिबल डक्ट.]

नाहीतर साइटवर टी कापली जाते, फ्लेक्सिबल डक्ट ओढूनताणून वळवला जातो आणि खोलीत हवा कमी, आवाज जास्त.

[दृश्य : ऑफिस. प्लॉटरमधून शीट बाहेर येते.]

या ऑफिसात आता एसीचं कुठलंही ड्रॉइंग जाळीशिवाय बाहेर पडत नाही. शीट काढण्याआधी आर्किटेक्टची लिंक, म्हणजे आपल्या फाइलला जोडलेली त्यांची फाइल, रीलोड करायची, मग जाळीवर नजर फिरवायची, मग सही. टेंडरच्या ड्रॉइंगपासूनच ही जाळी मागून घ्या, असं काका प्रत्येक क्लायंटला सांगतात, कारण दर ठरल्यावर ती आखायला कोणी तयार होत नाही. चौथ्या मजल्याचं सीलिंग आजच बदलून आलं आहे. ते चारही डिफ्यूझर ताईंनी आपापल्या चौकोनात आणले, शीटवर नवा रिव्हिजन नंबर टाकला. संध्याकाळी पाचच्या आत ती साइटवर पोचायची आहे.