परतीचे मैल

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत हायवेवर पिकअपच्या मागे चाकांवरचं घर जाताना दिसलं, की आपल्याला वाटतं, निघालं कुटुंब सुटीला. पुष्कळदा तसं नसतं. आतल्या गाद्यांवरचं प्लास्टिकही निघालेलं नसतं. कारखान्यातून डीलरकडे ते पोचवणारा माझ्यासारखा कुणीतरी पुढे बसलेला असतो. चार वर्षं झाली, तरी पुण्याहून आईचा फोन आला की प्रश्न ठरलेला : "इंजिनिअर झालास ते हे ओढायला?"

अशा चाकांवरच्या घरांना इथं आरव्ही म्हणतात, आणि इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट ही आरव्हीवाल्यांची पंढरी. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही तिथं आणि आसपासच्या गावांत बनतात. तिथून माल उचलायचे दोन मार्ग. मोटरहोम असेल तर तेच चालवत न्यायचं; घरी परत कसं यायचं ते आपलं आपण बघायचं. ट्रेलर असेल तर ओढायला स्वतःची दणकट पिकअप हवी. ट्रेलर १०,००० पौंडांहून जड आणि पिकअपसकट एकूण वजनक्षमता २६,००० पौंडांच्या वर गेली, की व्यावसायिक लायसन्स, म्हणजे सीडीएल, लागतंच. एच-१बीवाल्या मित्रांनो, तुम्हाला व्हिसावर हे काम करता येत नाही, शनिवार-रविवारीसुद्धा नाही.

स्वतःच्या नावावर वाहतुकीच्या धंद्याचा परवाना काढायचा अर्ज ३०० डॉलरचा. पण त्यामागे किमान साडेसात लाख डॉलरचा विमा दाखवावा लागतो, आणि नवख्याला त्याचा हप्ता झेपत नाही. म्हणून बहुतेकजण आधी एखाद्या वाहतूक कंपनीशी करार करून तिच्या परवान्यावर चालतात. मीही तेच केलं.

आता पैशाचं. भाडं मिळतं ते भरल्या मैलांचं, म्हणजे ट्रेलर मागे असतानाच्या; परतीच्या मैलांचं नाही. एल्कहार्ट ते डेन्व्हर साधारण अकराशे मैल. बिल अकराशेचं, गाडी मात्र बावीसशे मैल पळते. ओढताना माझी पिकअप गॅलनला दहा मैल देते, रिकामी सोळा. म्हणजे एका फेरीला जवळजवळ १८० गॅलन डिझेल. शिवाय टायर, ऑइल, मोटेल, आणि स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर, तो दर तिमाहीला. पहिल्या वर्षी मी मैलाचा दर ऐकून हरखलो होतो. हिशेब बायकोनं मांडून दाखवला. आता कुणी दर सांगितला की मी आधी त्याला दोननं भागतो.

वायोमिंग राज्यात आय-८० हायवेवर वारा सुटला की हलक्या, उंच गाड्यांना रस्ता बंद होतो. रिकामा ट्रेलर म्हणजे शिडाचं जहाजच! तिथं थांबलेल्या दिवसाचे पैसे मला कुणी देत नाही.

एकदा एका डीलरनं दाराखालचा ओरखडा दाखवला. तो कारखान्यातलाच होता, पण माझ्याकडे फोटो नव्हता. पैसे माझ्या बिलातून गेले. तेव्हापासून सही करण्याआधी मी मोबाईल धरून ट्रेलरला पूर्ण प्रदक्षिणा घालतो. छतसुद्धा सोडत नाही. शिडी पिकअपमध्येच असते.