माती, गादी आणि हरल्यानंतरची वही

नमस्कार, श्रोतेहो.

हरल्यावर पुन्हा उभं कसं राहायचं, हा आजचा विषय. तो निघाला की कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांविषयी बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

१९५२ साली हेलसिंकीत त्यांनी ब्राँझपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते सगळ्यांना पाठ आहे. मला सांगायचंय ते १९४८ चं लंडन. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं २२ वर्षांचे खाशाबा तिथं पोचले. ताकद होती, चपळाई होती, डाव होते. पण सगळी मेहनत मातीत झालेली. मातीत पाय रोवता येतो आणि समोरच्याची पाठ टेकली की कुस्ती संपली. लंडनला समोर आली गादी. गादीवर गुण मोजतात, वेळेचं बंधन असतं, नियम वेगळे. इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले आणि फ्लायवेट, म्हणजे ५२ किलोंच्या गटात सहावे आले.

आता लक्ष द्या. ‘माझ्यात दम नाही’ असं म्हणून लंगोट खुंटीला टांगता आला असता. पण दम होताच. सवय नव्हती ती गादीची. पुढची चार वर्षं त्यांनी मेहनत वाढवली आणि ५२ किलोंचा गट सोडून ५७ किलोंच्या गटात उतरले. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. वर्गणी मागितली, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तिथं कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना खाशाबांनी हरवलं. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी देशाला थेट १९९६ पर्यंत, ४४ वर्षं थांबावं लागलं.

इथं एक बोलूनच घेतो. यात्रेतल्या इनामाचा आकडा दरवर्षी फुगवण्यापेक्षा गावांनी एखाद्या वर्षी तालमीसाठी गादी घ्यावी. माती हवीच, पण पोराला बाराव्या वर्षी गादीची सवय लागली पाहिजे.

असो. आपल्या पराभवातली गादी कशी शोधायची?

पहिले दोन-तीन दिवस काही ठरवू नका. जेवण आणि झोप वेळेवर, एवढंच. हरल्या रात्री वही उघडली की कारणं उतरत नाहीत, नुसत्या स्वतःला घातलेल्या शिव्या उतरतात. नंतर एका सकाळी पानावर तीन रकाने आखा. काय घडलं, त्यातलं माझ्या हातात काय नव्हतं, माझ्या हातात काय होतं. पुन्हा सांगतो: घडलं काय, हातात नव्हतं काय, हातात होतं काय.

पहिल्या रकान्यात विशेषणं नकोत. ‘मी गणितात ढ’ हे कारण नव्हे. ‘तीन तासांत शेवटचे दोन प्रश्न राहिले’ हे कारण. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, ती मागवा. अंदाजावर वर्ष घालवू नका. मसाल्याचा घरगुती धंदा बसला असेल तर ‘नशीब’ लिहू नका. उधारी किती घरांत अडकली आणि किती महिने, ते लिहा.

तिसऱ्या रकान्यातली एकच गोष्ट निवडा. एकच. इथंच बहुतेकांचं बिघडतं: पाच सुधारणा एकदम धरतात आणि आठवड्यात पाचही सुटतात. निवडलेल्या गोष्टीला वार आणि वेळ द्या. दर रविवारी सकाळी आठला घड्याळ लावून एक पूर्ण पेपर. किंवा पहिली तारीख आली की उधारीची यादी घेऊन फोन. पंधरा दिवसांनी वही पुन्हा उघडा, आणि त्या कामातल्या जाणत्या माणसाला दाखवा. धीर देणारे खूप भेटतात; चूक नेमकी कुठं झाली ते दाखवणारा शोधावा लागतो.

आणि शेजाऱ्यांनो, निकालाच्या दिवशी ‘किती पडले?’ विचारायला जाऊ नका. डबा घेऊन जा.

एक गोष्ट मात्र वहीवर सोडू नका. दोन आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, तर डॉक्टरांना भेटा. जगणं नको असं मनात आलं, तर दोन आठवड्यांची वाट बघायची नाही, त्याच घटकेला घरच्यांना सांगा आणि फोन करा. सरकारची टेलि-मानस सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालू आहे, मराठीतून बोलता येतं. क्रमांक १४४१६. लिहून घ्या: एक, चार, चार, एक, सहा.