कोपरामागची शीर

(डिचोलीत वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, सुरुवातीलाच तुम्हाला एक काम सांगतो. उजवा हात कोपरात वाकवा आणि डाव्या हाताच्या बोटाने कोपराच्या आतल्या बाजूचं हाड चाचपा. त्या हाडामागे एक खोबण आहे. तिथे बोट आडवं फिरवलं की दोरीसारखं काहीतरी सटकतं. मिळालं? दारावर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या हिच्याच. आपण बोलताना हिला शीर म्हणतो. रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू. आज मी कुष्ठरोगाबद्दल जे सांगणार आहे ते बरंचसं या दोरीत घडतं.

कुष्ठरोग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झडलेली बोटं येतात. जंतू बोटं खातो, असा जुना समज. तो खात नाही. हान्सेन यांनी १८७३ साली नॉर्वेत हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. इतका संथ जंतू दुसरा सापडणं कठीण. आपल्या आतड्यातला ई. कोलाय सोयीच्या वातावरणात २० मिनिटांत एकाचे दोन होतो; याला १२ ते १४ दिवस लागतात. प्रयोगशाळेतल्या बशीत हा आजवर कुणालाच वाढवता आलेला नाही. संशोधकांना उंदराच्या तळपायाचा आणि अमेरिकेतल्या आर्माडिलो नावाच्या कवचधारी प्राण्याचा आसरा घ्यावा लागला. आर्माडिलोच का, तर त्याचं अंग आपल्यापेक्षा गार. या जंतूला गारवा लागतो. म्हणून कानाची पाळी, नाक, त्वचा, आणि कातडीलगत धावणारी ही कोपरामागची शीर.

शिरेत तो श्वान पेशींमध्ये राहतो. श्वान हे त्या पेशी शोधणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव. कुत्र्याशी संबंध नाही. या पेशी तंतूला वेटोळे घालून त्याचं आवरण तयार करतात, वायरीवर रबर असावं तसं. जंतू आत शिरतो आणि बसून राहतो. विष सोडत नाही, घाई करत नाही. वर्षं जातात, माणसाला पत्ताही नसतो.

मग हात वाकडा होतो कशाने?

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पाडेली आला. माडावर चढून नारळ पाडणारा माणूस, म्हणजे हात हेच भांडवल. अंगावर चट्टे होते, त्याने वर्षभर बहुविध औषधोपचार घेतला, एकही महिना चुकवला नाही. रजिस्टरमध्ये ‘उपचार पूर्ण’ असा शेरा पडला. तीन महिन्यांनी हजर. जुने चट्टे लालबुंद होऊन फुगलेले, जणू तव्यावर टेकवलेले. कोपरामागची शीर करंगळीएवढी जाड. मी नुसतं बोट लावलं तर त्याने हात हिसकावून घेतला. मी एक जाडसर कागद त्याच्या करंगळी आणि अनामिकेत धरायला दिला आणि ओढला. निरोगी माणसाकडून असा कागद सहज सुटत नाही. याच्या बोटांतून तो नुसता निसटला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “दोतोर, वखदांनीच म्हजो हात गेलो.”

तो चुकत होता, पण वेडा नव्हता. त्याच्या बाजूने हिशेब सरळ होता: गोळ्यांआधी हात चालत होता, गोळ्यांनंतर गेला. मधले पाच आठवडे तो दुसरीकडे संधिवाताच्या वेदनाशामक गोळ्या खात होता. तिथे कुणी त्याची शीर चाचपली नव्हती. या पाच आठवड्यांचा मला आजही राग येतो.

त्याच्या शिरेत काय चाललं होतं? गोळ्यांनी जंतू मेले होते, पण मेलेल्या जंतूंचे तुकडे जागेवरच होते. आपल्या शरीरात महाभक्षक पेशी असतात, मॅक्रोफेज. त्या असे तुकडे गिळतात आणि त्यातला एखादा अंश आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवतात. सीडी४ जातीच्या टी-पेशी तो ओळखतात. इतकी वर्षं झोपलेली ही फौज एकदम जागी होते, इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ ही रसायनं सोडते, त्याने महाभक्षक आणखी चवताळतात. खरं तर हीच प्रतिकारशक्ती आपल्याला हवी असते. पण जागा चुकीची. शिरेभोवतीचं वेष्टण घट्ट आहे, कोपरामागची खोबण अरुंद आहे. आत सूज आली तर ती जाणार कुठे? तंतू चेपतात, त्यांचा रक्तपुरवठा आटतो. याला पहिल्या प्रकारची रिअ‍ॅक्शन म्हणतात. ती उपचारांपूर्वी येते, उपचार चालू असताना येते, संपल्यावरही येते. बाळंतपणानंतरच्या महिन्यांतही येते, कारण गरोदरपणात दबलेली ही पेशींची प्रतिकारशक्ती तेव्हा पुन्हा उसळते. बाळंतिणीच्या हाताला मुंग्या आल्या की घरात सगळे ‘अशक्तपणा’ म्हणून मोकळे होतात.

टी-पेशी येण्याआधीही काही घडतं, हे २०१७ साली एका सुंदर प्रयोगातून दिसलं. झेब्राफिशचं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं. जिवंत पिल्लाच्या आतल्या पेशींची ये-जा सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. त्यात कुष्ठरोगाचे जंतू सोडले. महाभक्षक पेशी तंतूंवरून नेहमीसारखी गस्त घालत होत्या. जंतूच्या अंगावर एक खास मेदयुक्त पदार्थ असतो, तो लागताच त्यांनी नायट्रिक ऑक्साइडसारखे दाहक रेणू सोडले आणि त्याने शेजारच्या तंतूंची माइटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, बिघडली, आवरण सुटलं. जंतू होता महाभक्षकाच्या पोटात, जखम झाली शेजारच्या तंतूला. माशाचं पिल्लू म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण तो प्रयोग वाचला तेव्हा मला पाडेलीचा हात आठवला.

दुसऱ्या प्रकारची रिअ‍ॅक्शन वेगळी. ज्यांच्या शरीरात जंतूंचा अक्षरशः सुकाळ असतो त्यांना ती होते. त्यांच्या टी-पेशी गप्प असतात, पण प्रतिपिंडं भरपूर तयार होतात. प्रतिपिंडं आणि जंतूंचे अंश यांच्या गुठळ्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत रुततात. तिथे धावून येतात न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी. पू म्हणजे बहुतांशी मेलेले न्यूट्रोफिलच. हात लावू देत नाहीत अशा दुखऱ्या लाल गाठी, ताप, डोळ्यात दाह, सांधे, वृषणं, शिरा. पूर्वी या पेशींना फार तर झाडूवाले समजत. आता ते मत बदललंय. अशा रुग्णांच्या रक्तातल्या न्यूट्रोफिलवर सीडी६४ नावाची खूण वाढलेली सापडते. ब्राझीलच्या संशोधकांना असंही दिसलं, की या पेशी स्वतःचा डीएनए बाहेर फेकून त्याचं जाळं पसरतात. जाळं जंतू पकडायला, पण आसपासच्या उतींनाही ते सोसावं लागतं. न्यूट्रोफिल आग लावतात की लागलेल्या आगीत तेल ओततात, यावर अजून वाद आहे. जुन्या गाठींत ते फारसे दिसतही नाहीत.

आता औषधावरचा आरोप. मुराता या जपानी डॉक्टरांनी या गाठींचं वर्णन १९१२ साली केलं, तेव्हा कुष्ठरोगाचा जंतू खात्रीने मारणारं एकही औषध जगात नव्हतं. आपल्याकडे गोव्यात, सासष्टीत माकाझानला फ्रोयलान द मेलो यांनी १९३४ साली कुष्ठधाम उभारलं, तेव्हाही डॉक्टरांच्या हाती मुख्यतः चौलमुग्रा नावाच्या झाडाच्या बियांचं तेलच. रिअ‍ॅक्शन गोळ्यांआधीची आहे.

उपचार असतात. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ही फौज शांत करतं. आठवडाभर देऊन भागत नाही, महिनोन्‌महिने हळूहळू कमी करत न्यावं लागतं. त्यात मधुमेह चढतो, दबलेला क्षय वर येतो, म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घ्यायचं औषध ते नव्हे. दुसऱ्या प्रकारात थॅलिडोमाइड चालतं. हो, तेच, ज्याने हातपाय खुरटलेली बाळं जन्मली आणि १९६१ साली जे बाजारातून काढावं लागलं. थोड्याच वर्षांत जेरुसलेममध्ये डॉ. शेस्किन यांनी वेदनेने झोप न येणाऱ्या कुष्ठरुग्णाला झोपेसाठी म्हणून ते दिलं. झोप लागलीच, शिवाय गाठीही विरल्या. ते टीएनएफ कमी करतं, हे १९९१ साली कळलं. गर्भवतीला ते कधीही, एक गोळीसुद्धा नाही.

माझी तक्रार रजिस्टरशी आहे. जगातले निम्म्याहून अधिक नवे कुष्ठरुग्ण आजही भारतात सापडतात, आणि गोळ्यांचं शेवटचं पाकीट संपलं की नाव खोडलं जातं. मग फुगलेली शीर घेऊन माणूस येतो तेव्हा तो कुणाच्याच यादीत नसतो.

पाडेलीला स्टेरॉइड सुरू केलं. सहा महिन्यांत अंगठ्याची पकड आली. करंगळी वाकडीच राहिली, तिथली संवेदनाही परतली नाही. माडावर चढणं सुटलं. तो आता रस्त्याच्या कडेला शहाळी विकतो, कोयता उजव्याच हातात.

(श्रोत्यांमधून प्रश्न: गोळ्या चालू असताना हात दुखायला लागला तर गोळ्या बंद करायच्या का?)

नाही. कुष्ठरोगाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या, रिअ‍ॅक्शनचं औषध त्यांच्यासोबत घ्यायचं. आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ नको. कमजोरी सहा महिन्यांहून जुनी झाली की हात परत मिळायची आशा फार थोडी उरते. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी कोपराला हात लावला नाही, तर तुम्हीच कोपर पुढे करा.