अ‍ॅनिलिनचा टँकर आणि चालकाचे बूट

आज समोर निम्मेअधिक चालक आणि क्लीनर बसले आहेत. म्हणून कारखान्यातलं बाजूला ठेवतो, रस्त्यावरचं बोलतो.

अ‍ॅनिलिन आपल्याला नवं नाही. रसायनीला हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्यात ते वर्षानुवर्षं तयार होत होतं. रंग, रबर, औषधं, सगळ्यांना ते लागतं. तेलकट द्रव, हवा लागली की तपकिरी होत जाणारा. तो १८४ अंशांना उकळतो, त्यामुळे सांडला तरी पेट्रोलसारखा भुर्रकन उडून जात नाही. इथंच माणूस फसतो. धूर नाही, भडका नाही, मग चिंध्यांनी पुसून घेऊ, असं वाटतं.

पण ते कातडीतून आत जातं. आग होत नाही म्हणून कळतही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप ते असं बदलतं की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. रक्त चॉकलेटी दिसू लागतं, ओठ-नखं निळसर पडतात, डोकं ठणकतं, धाप लागते. आणि हे काही तासांनीसुद्धा होतं. तोवर तुम्ही घाट उतरून ढाब्यावर जेवायला बसलेले असता. म्हणून भिजलेले कपडे तिथल्या तिथे, भर रस्त्यात उतरवा. लाज बाळगू नका. साबण आणि भरपूर पाण्याने किमान १५ मिनिटं अंग धुवा. चामड्याचे बूट मात्र धुवून परत घालू नका. चामडं ते शोषून घेतं आणि पायाला देत राहतं. नवे बूट मालकाने द्यावेत, हे मी मालकांच्या तोंडावर सांगतो.

टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे जो फलक असतो, तो १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बंधनकारक केला आहे. त्यावर १५४७ हा यूएन क्रमांक, म्हणजे या मालाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक, आणि कवटीचं चिन्ह पाहिजे. चिखलाने माखला असेल तर निघण्याआधी पुसा. फलकावरच्या हॅझकेम संकेतात, म्हणजे गळती-आगीत काय करायचं ते सांगणाऱ्या आकडा-अक्षरांत, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड यांपैकी अक्षर असेल तर माल अडवायचा, पाण्याने गटारात ढकलायचा नाही. अ‍ॅनिलिन पाण्यापेक्षा किंचित जड, ओढ्यात तळाशी बसतं, मासे मारतं. वाळू-मातीचा बांध घाला, गर्दीला वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या, ११२ लावा. योग्य पोशाखाशिवाय व्हॉल्व्हला हात लावायला जाऊ नका, कितीही जीव तुटला तरी.

शेवटचं दवाखान्याचं. रक्तातला प्राणवायू मोजणारं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या विषबाधेत चकवतं. खरी स्थिती वाईट असतानाही ते ८५ टक्क्यांच्या आसपास अडकून राहतं. मेथिलीन ब्लू हा उतारा आहे, पण तो द्यायचं डॉक्टरांना सुचायला हवं. तेव्हा जखमीबरोबर ट्रेम कार्ड, म्हणजे गाडीतलं मालाच्या धोक्यांची माहिती देणारं कार्ड, पाठवा. ते सापडलं नाही तर चिठ्ठी लिहा: अ‍ॅनिलिन, यूएन १५४७, किती वाजता सांडलं, अंगावर कुठे.