पोरं अजून लहान आहेत

(पडद्यावर रिकामं लंबगोल मैदान. दूरवर गवत कापायच्या यंत्राची घरघर.)

सिडनीच्या ऑलिंपिक पार्कातलं हे शोग्राउंड. ईस्टरच्या दिवसांत इथे शेतकी प्रदर्शन भरतं. बैल येतात, मेंढ्या येतात, लाकूड फोडायच्या स्पर्धा होतात. तेवढे दिवस घरच्या फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, संघाला आपलं बिऱ्हाड दुसरीकडे न्यावं लागतं. एरवी हे ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्सचं घर. नारिंगी आणि कोळशाचा करडा, हे त्यांचे रंग.

२४ सप्टेंबर २०१६, शनिवार संध्याकाळ, उपांत्य सामना. मैदानात २१,७९० माणसं. सामना संपल्याचा सायरन वाजला तेव्हा फलकावर असं होतं: वेस्टर्न बुलडॉग्ज १३.११, एकूण ८९. जायंट्स १२.११, एकूण ८३.

हा आकडा कसा वाचायचा ते आधी सांगतो, म्हणजे त्या रात्री नेमकं कुठे दुखलं ते कळेल. ऑस्ट्रेलियन फूटीत दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब असतात, वरती आडवा दांडा नाही. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेने गेला की गोल, ६ गुण. नेम थोडा चुकला आणि चेंडू बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड, १ गुण. फलकावर आधी गोल, मग बिहाइंड, मग बेरीज. म्हणजे त्या संध्याकाळी दोन्ही संघांनी अकरा-अकरा वेळा नेम चुकवला. फरक पडला तो बरोब्बर एका गोलाचा. १८ विरुद्ध १८ माणसं, चार क्वार्टर, दोन तासांहून जास्त पळापळ, आणि शेवटी एक गोल. जिंकणारा पुढच्या शनिवारी मेलबर्नला ग्रँड फायनल खेळणार, हरणारा सुट्टीवर जाणार.

(पडद्यावर नारिंगी स्कार्फ गुंडाळून स्टेशनकडे चाललेली गर्दी, पाठमोरी.)

हरलेल्या संघाचे चाहते काय करतात? २००३ च्या फायनलनंतर आपण जे केलं तेच. जोहान्सबर्गला टॉस जिंकून गांगुलीने आधी बॅटिंग घेतली असती तर, हा खटला अजून आपल्याकडे निकाली निघालेला नाही. जायंट्सवाल्यांचा खटलाही त्याच रात्री स्टेशनच्या वाटेवर उभा राहिला.

पहिला साक्षीदार कॅलन वॉर्ड. संघाचा एक कर्णधार, मिडफिल्डचा कणा. पूर्वार्धातच एका बुलडॉग्ज खेळाडूचा गुडघा त्याच्या डोक्याला लागला. मुद्दाम नव्हे, चेंडूच्या झटापटीत. वॉर्ड कोसळला आणि परत खेळायला आला नाही. हाच वॉर्ड २०११ पर्यंत बुलडॉग्जकडूनच खेळायचा.

दुसरा साक्षीदार मैदानात नव्हताच. स्टीव्ह जॉन्सन, वय ३३, जीलाँगकडून तीन ग्रँड फायनल जिंकलेला गडी. कठीण वेळी डोकं थंड ठेवायला म्हणून तर त्याला आणलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी सिडनी स्वान्सविरुद्ध त्याने एकाला नको तशी धडक दिली, आणि एका सामन्याची बंदी ओढवून घेतली. तो सामना नेमका हा. घरात एकच जाणतं माणूस, आणि लग्नाच्या दिवशी तेच रुसून बसलेलं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत पटणारा. त्या वर्षी फूटीच्या राष्ट्रीय लीगने पहिल्यांदाच साखळी संपल्यावर सगळ्यांना एक आठवडा विश्रांती दिली. जायंट्स चौथे आले होते. विश्रांतीनंतर त्यांनी स्वान्सला ३६ गुणांनी लोळवलं, आणि त्या विजयाचं बक्षीस म्हणून आणखी एक आठवडा मोकळा मिळाला. म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या २४ तारखेपर्यंत एकच सामना. बुलडॉग्ज सातवे. त्यांना बक्षीस वगैरे काही नाही. ते पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला हरवून आले, मग लागोपाठ तीनदा विजेते ठरलेल्या हॉथॉर्नला घरी पाठवलं आणि घामेजल्या अंगानेच सिडनीत उतरले. आदल्याच रात्री दुसऱ्या उपांत्य सामन्यात जीलाँगही असाच आराम करून आला होता. तोही हरला. लोखंड तापलेलं असताना बाजूला ठेवलं की थंड होणारच. ही पद्धत लावणाऱ्यांना हे सुचलं नसेल असं नाही, पण त्यांना आधीच्या वर्षीची दुसरी डोकेदुखी मिटवायची होती: साखळीच्या शेवटच्या सामन्यात काही संघ मुख्य खेळाडूंना बसवून ठेवत होते.

तरीही शेवटच्या क्वार्टरच्या सुरुवातीला जायंट्स १४ गुणांनी पुढे होते. जॉनथन पॅटनने त्या दिवशी चार गोल मारले. आमच्या घरात मुलगा सोफ्यावर उभा राहून उड्या मारत होता, वय वर्षं नऊ, डोक्यावर नारिंगी टोपी. "बाबा, झालं ना आता?" मी "झालं रे" म्हणालो. अशा वेळी तोंड बंद ठेवावं, हे मला वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमध्ये बसून कळायला हवं होतं.

मग बुलडॉग्ज एकेक चेंडू खेचत परत आले. आणि निर्णायक घाव घातला जॅक मक्रेने. मक्रे चेंडू पुढे पोचवणारा माणूस, गोल मारणारा नव्हे. सबंध मोसमात त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. पहिला मारला तो त्या संध्याकाळी, शेवटच्या मिनिटांत.

(पडद्यावर फलक. शांतता.)

सायरननंतर जी समजूत सगळ्यांनी एकमेकांची घातली ती अशी: पोरं अजून लहान आहेत, यांचे दिवस येतील.

ते खोटं नव्हतं. जायंट्स लीगमध्ये आले २०१२ ला. पश्चिम सिडनी हा रग्बी लीगचा मुलूख, पॅरामॅटा आणि पेनरिथच्या संघांचा. इथे "बुलडॉग्ज" म्हटलं तर लोकांना कँटरबरीचा रग्बी संघ आठवतो. अशा ठिकाणी फूटी रुजवायची म्हणून लीगने नव्या संघाला भरपूर सवलती दिल्या. या खेळात पोरं विकत घेता येत नाहीत, ती ड्राफ्टमधून क्रमाने निवडावी लागतात. २०११ च्या ड्राफ्टमध्ये पहिले पाचच्या पाच क्रमांक जायंट्सचे होते. पॅटन पहिला, कोनिलियो दुसरा. तरी पहिल्या वर्षी दोन विजय, दुसऱ्या वर्षी एक. २०१६ मध्ये मात्र सगळ्यांचं फळ एकदम धरलं. जेरेमी कॅमेरॉन २३, कोनिलियो २२, व्हिटफील्ड २२, जॉश केली २१. टोबी ग्रीनचा तेविसावा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता. केक आणला असेल तर कापताना काय तोंडं असतील, कल्पना करा.

पण समोर कोण होतं ते बघा. बुलडॉग्जचा सगळ्यांत भारी खेळाडू मार्कस बाँटेम्पेली, वय वर्षं वीस. केलेब डॅनियल, उंची जेमतेम १६८ सेंटिमीटर, तोही वीस. मक्रे बावीस. त्यांचा जाणता कर्णधार बॉब मर्फी गुडघा दुखावून मोसमाच्या सुरुवातीपासूनच बाहेर. वयाचाच हिशोब मांडायचा तर रडायला त्यांनाही जागा होती. आणि नारिंगी चाहत्यांच्या जिव्हारी लागणारी आणखी एक गोष्ट: बुलडॉग्जकडून खेळत होता टॉम बॉइड. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये जायंट्सनेच त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं होतं. एक मोसम खेळून तो गेला, आणि त्याच्या बदल्यात बुलडॉग्जचा तेव्हाचा कर्णधार रायन ग्रिफिन इकडे आला. बॉइडवर बुलडॉग्जने ओतलेल्या पैशांची दोन वर्षं लोक टिंगल करत होते.

म्हणून "पोरं लहान आहेत" हे कारण मला पुरत नाही. वेगळी होती ती कुंपणापलीकडची माणसं.

(पडद्यावर रात्रीचा महामार्ग, मागे पळणारे दिवे.)

मेलबर्न ते सिडनी, ह्यूम महामार्ग, जवळपास ९०० किलोमीटर. त्या आठवड्यात या रस्त्यावरून बसेस आणि गाड्या भरभरून लाल-पांढरे-निळे लोक आले. मैदान जायंट्सचं, पण आवाज त्यांचा. बुलडॉग्ज म्हणजे मूळचा फुट्सक्रे, मेलबर्नच्या पश्चिमेची कामगार वस्ती. आपल्या परळ-लालबागचा माणूस तिथे गेला तर त्याला फार काही समजावून सांगावं लागणार नाही. १९५४ नंतर अजिंक्यपद नाही. १९६१ नंतर ग्रँड फायनलसुद्धा नाही. त्यानंतर उपांत्य सामन्यापर्यंत यायचं आणि हरायचं, हे घराण्याचं दुखणं. १९८९ मध्ये तर क्लब कर्जात बुडाला म्हणून फिट्झरॉयमध्ये विलीन करायचं ठरलंही होतं. तेव्हा लोकांनी डबे खुळखुळवत वर्गणी गोळा केली आणि क्लब वाचवला. त्या डब्यांत पैसे टाकलेली माणसं, किंवा त्यांची मुलं, त्या संध्याकाळी आमच्या शोग्राउंडमध्ये होती. पुढच्याच शनिवारी त्यांनी स्वान्सला २२ गुणांनी हरवून ६२ वर्षांचा उपास सोडला. बॉइडने तीन गोल मारले. टिंगल बंद.

आमच्याकडे काय होतं? पाच वर्षांचा संघ, आणि शाळेत वाटलेल्या टोप्या. पश्चिम सिडनीतल्या हॅरिस पार्क, ब्लॅकटाउन, वेंटवर्थव्हिल भागात राहणाऱ्या आम्हा मंडळींना तर हा खेळच नवा. फावल्या वेळी आम्ही क्रिकेट बघणार. लीगने जायंट्सला खेळाडू दिले, मैदान दिलं, पैसा दिला. आजोबांपासून चालत आलेलं दुःख कुठल्या ड्राफ्टमध्ये मिळणार?

खरं सांगायचं तर ते आम्हाला त्या रात्री मिळालं. घरी परत जाताना मुलगा काही बोलेना असं मला लिहायला आवडलं असतं, पण आम्ही घरीच होतो. तो टोपी घालूनच झोपला. सकाळी उठून त्याने पहिला प्रश्न विचारला, "वॉर्ड बरा आहे का?" टॉस, नियम, विश्रांती यांतलं काही नाही. त्या प्रश्नानंतर मी या संघाचे सामने नेमाने बघायला लागलो.

दिवस येतील म्हणाले होते. २०१७ मध्ये पुन्हा उपांत्य सामना, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर ९४,२५८ लोकांसमोर, रिचमंडकडून ३६ गुणांनी हार. २०१९ मध्ये कॉलिंगवूडला चार गुणांनी हरवून शेवटी ग्रँड फायनल गाठली. समोर पुन्हा रिचमंड, १,००,०१४ प्रेक्षक. वॉर्ड त्या एप्रिलमध्येच गुडघ्याचा लिगामेंट तुटून बाहेर. संपूर्ण सामन्यात जायंट्सचे गोल तीन. ३.७, एकूण २५. १९६० नंतरचा ग्रँड फायनलमधला नीचांक. हार ८९ गुणांनी. त्या हारेची कुणी चिरफाडही केली नाही, करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जेरेमी कॅमेरॉन पुढे जीलाँगला गेला आणि २०२२ मध्ये तिथे अजिंक्यपद घेऊन मोकळा झाला.

त्यामुळे २०१९ पेक्षा २०१६ चीच चर्चा जास्त होते. त्या दिवशी एक गोल हवा होता फक्त.

(पडद्यावर घराची बैठक. खुर्चीच्या पाठीवर फिकट पडलेली नारिंगी टोपी.)

मुलगा आता अठरा वर्षांचा आहे. मध्यंतरी एक सामना हातातून गेला. टीव्ही बंद करत तो म्हणाला, "बाबा, जाऊ दे. हे जे नवीन आलेत ना, ती पोरं अजून लहान आहेत."

"किती लहान?"

"माझ्याएवढी."